बर्गन, एका दिवसात, एकटीने

एल्व्हेरूम,
२७ एप्रिल १९८७

प्रिय टोरून,

तुझं पत्र मिळालं. आधी फोन करणार होतीस म्हणतेस, नाही केलास ते बरं झालं. मी उभा जन्म टपाल वाटण्यात घालवला आहे. फोन घराला आग लागली तरच करावा, आणि तेव्हाही आधी पाणी आणावं, असं माझं मत आहे.

आता मुद्द्याचं. फेब्रुवारीत तू आपल्या दारातल्या बर्फावर आपटलीस, पाय दुखावलास आणि शेजाऱ्याने कुत्रं फिरवायला काढलं म्हणून सापडलीस. त्या दिवशी कुत्र्याला कंटाळा आला असता तर? हा प्रश्न मला रोज पडतो. म्हणून मी माझं तळघर रिकामं केलं. भिंतींना कागद लावला (तपकिरी फुलांचा, दुकानात तेवढाच उरला होता), पलंग टाकला, रेडिओ ठेवला. तू म्हणतेस तू धडधाकट आहेस आणि हालिंगदालच्या दरीतल्या त्या घरात एकटी राहू शकतेस. मी म्हणतो, दाखव राहून.

ईस्टरला हातावर हात मारून ठरलं ते पुन्हा लिहितो, म्हणजे नंतर ‘मी असं म्हणाले नव्हते’ नको. तू जन्मात न पाहिलेलं बर्गन एकटीने, एका दिवसात बघून यायचं. सकाळच्या गाडीने जायचं, संध्याकाळच्या गाडीने परत. धक्क्यावरची जुनी लाकडी घरं, मासळी बाजार, बंदरावरचा बुरूज आणि डोंगर चढणारी रेल्वे, एवढं तरी बघायचं. कोणाची मदत घ्यायची नाही. जमलं, तर मी त्या खोलीचं नावही काढणार नाही, तिथे बटाटे ठेवीन. नाही जमलं, तर जूनअखेरची उन्हाळ्यातली होळी पेटायच्या आत घर विकून तू माझ्याकडे राहायला यायचंस.

एक सावधगिरीची सूचना. लष्करात असताना मी बर्गनमध्ये दोन आठवडे काढले आहेत, त्यामुळे ते शहर मला पूर्ण माहीत आहे. तिथले लोक ओळखपाळख नसताना बोलायला लागतात. उत्तर देऊ नकोस. आमच्या तुकडीतल्या एकाने दिलं होतं, त्याचं पुढे तिथेच लग्न झालं.

तुझा भाऊ,
हालवार


३ मे १९८७

प्रिय हालवार,

बघितलं रे बाबा बर्गन. कोणी वरवर बघतं, मी अगदी खोलात शिरून बघितलं.

लाकडी घरं बघितली. लोक लांबून फोटो काढतात आणि जातात. मी एक घर इतक्या जवळून बघितलं की मागच्या बाजूची तिसरी फळी किडली आहे हेही मला माहीत आहे. समुद्र बघितला. पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या शेवाळाने फार निसरड्या होत्या, आता नाहीत. मासळी बाजाराचं म्हणशील तर तिथली कॉड आणि कोळंबी मी सूपमध्ये बघितली, ताजी होती. बुरूज लांबून दिसला. डोंगरावरची रेल्वेही दिसली, एवढीशी, वर जात होती. खाली येतानाही दिसली. बऱ्याच वेळा दिसली.

मदत मी कोणाची घेतली नाही. उलटंच झालं म्हण.

माणसं फार चांगली आहेत. शेवटी तर सगळ्यांनी एकदम हात वर केले आणि मग टाळ्या वाजवल्या. मला काय बोलावं सुचेना.

आणि तुझ्या समाधानासाठी सांगते, संध्याकाळची गाडी अगदी वेळेवर सुटली. यात तिळमात्र खोटं नाही.

पाय छान आहे. हातच जरा भरून आलेत.

तुझी बहीण,
टोरून


एल्व्हेरूम,
७ मे १९८७

प्रिय टोरून,

गाडी वेळेवर सुटली, पण तू तिच्यात होतीस का?

तुझ्या पाकिटावर बर्गनचा शिक्का आहे, सोमवारचा. मला टपालाचा शिक्का वाचता येत नाही असं तुला वाटलं असेल, तर बर्फावर पडल्यावर तुझ्या डोक्यालाही मार लागला होता असं मी समजेन. पाकिटामागे पाठवणाऱ्याचा पत्ता लिहायची सवय मीच तुला लहानपणी लावली, ती सुटली नाही हे बघून आनंद झाला. ‘द्वारा आउड, तिसरा मजला, नोर्डनेस.’ ही आउड कोण? पत्राच्या कोपऱ्यावर हिरवा रंग सांडला आहे. हा रंग कुठला?

मी दोन दिवस विचार केला. अनोळखी लोक, एकत्र सूप, सगळ्यांनी मिळून हात वर करणं, टाळ्या, आणि तू भारावून गप्प. टोरून, तू कुठल्या तरी पंथात सापडली आहेस. आमच्याकडेही असे लोक एकदा आले होते. आमच्या पोस्टातला तिकिटं विकणारा चांगला सरळ माणूस, तो महिनाभर पांढऱ्या सदऱ्यात अनवाणी हिंडत होता आणि सर्वांना भाऊ म्हणत होता. मलासुद्धा.

त्यांनी तुझी कशावर सही घेतली का? घर त्यांच्या नावावर केलंस का? खरं काय ते कळव. आणि ते लोक समोर बसून पत्र लिहून घेत असतील, तर पत्रात हवामानाबद्दल काहीतरी लिही. मी समजेन.

काळजीत असलेला,
हालवार


नोर्डनेस, बर्गन,
१० मे १९८७

प्रिय हालवार,

इथे पाऊस आहे. पण तो बर्गनमध्ये असतोच, त्यावरून काही समजू नकोस.

आता तू पोलिसांना पाठवायच्या आत सांगूनच टाकते. पंथ वगैरे काही नाही. श्रमदान होतं.

शनिवारी गाडीतून उतरले, धक्क्यावर आले. लाकडी घरांपाशी इतके लोक फोटो काढत होते की घरं दिसेनात. म्हटलं, आधी जरा मोकळं बघू, म्हणून चालत चालत नोर्डनेसकडे गेले. तिथल्या उतरत्या गल्ल्यांमधून एका उघड्या फाटकाच्या आत छान अंगण दिसलं आणि त्यापलीकडे पाणी. दोन पावलं आत गेले, तेवढंच. पिवळ्या रेनकोटातली एक बाई तरातरा माझ्याकडे आली आणि म्हणाली, “उशीर केलास,” आणि माझ्या हातात दाताळं दिलं.

तू म्हणशील, परत का नाही दिलंस. हालवार, तू आपल्या लोकांतला आहेस, तूच सांग. सतरा मेच्या राष्ट्रीय दिनाआधी सोसायटीचं श्रमदान चालू आहे. म्हातारीकोतारी माणसं पाचोळा ओढताहेत, कोणी गटार उपसतंय, आणि मी हातात दाताळं घेऊन म्हणू की मी इथली नाही? श्रमदानाच्या दिवशी प्रत्येकालाच काहीतरी असतं. कोणाचा दात दुखतो, कोणाची मावशी वारते. त्यांना वाटलं असतं, हिने तर कमाल केली, ही म्हणते मी इथे राहतच नाही. मी विचार केला, एवढा एक कोपरा ओढू आणि हळूच निघू.

कोपरा ओढला. मग त्या पायऱ्या घासल्या. मग तळघरातून मोडक्या खुर्च्या आणि कोणाची तरी स्लेज बाहेर काढली. मग सूप आलं, वॉफल आले, आणि जेवल्यावर उठून जाणं तर आणखीच वाईट दिसलं असतं. म्हणून कठड्याला रंग दिला. हिरवा. पाण्यापलीकडे डोंगराची रेल्वे वर जाताना दिसली की मनात म्हणायचे, पुढच्या फेरीला मी. अशा बऱ्याच फेऱ्या गेल्या.

संध्याकाळी तिथेच अंगणात वार्षिक सभा झाली. पिवळ्या रेनकोटवाल्या बाईचं नाव विग्दिस. तिला सगळे जरा वचकून असतात. ती म्हणाली, जुने अध्यक्ष मुलीकडे राहायला गेले, आता कोण? सगळ्यांनी आपापल्या बुटांकडे बघितलं. मला इथल्या लोकांची ही खोड माहीत नव्हती, म्हणून मी एकटीच समोर बघत राहिले. विग्दिस म्हणाली, “तिसऱ्या मजल्यावरची आउड. इतक्या वर्षांनी आली, किती काम केलं.” आणि झाले हात वर.

तेव्हा मात्र मी तोंड उघडलं. उठून स्पष्ट म्हणाले, “मी इथे राहत नाही.”

सगळे पोट धरून हसले. विग्दिस म्हणाली, “अध्यक्ष करायची वेळ आली की सगळे हेच म्हणतात.”

मग टाळ्या. मग चाव्यांचा जुडगा माझ्या गळ्यात. मग सगळी मंडळी जिन्याच्या दाराशी उभी राहून मला निरोप द्यायला लागली, त्यामुळे मला जिना चढावा लागला. पहिला मजला चढले, मागे बघितलं, अजून हात हलवत होते. तिसऱ्या मजल्यावर पोचले तर दार एकच. तेवढ्यात स्टेशनाकडून शिट्टी ऐकू आली. मी दार वाजवलं.

आत आउड होती. खरीखुरी. माझ्याच वयाची, ताठ, देखणी बाई. तिने मला वरून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, “खिडकीतून बघत होते. माझ्या वाटचं श्रमदान तू केलंस ना? आत ये.”

हिची गोष्ट ऐक. अकरा वर्षांपूर्वी एका श्रमदानाला तिने पाठ दुखते असं सांगितलं. दुखत नव्हती, तिला त्या दिवशी नाटक बघायला जायचं होतं. दुसऱ्या दिवशी विग्दिसने आपुलकीने विचारलं, पाठ कशी आहे. आता एका दिवसात बरी कशी होईल? म्हणून ही थोडी वाकून चालली. पुढच्या श्रमदानापर्यंत वाकूनच चालत राहिली, आणि मग तिला कंटाळा आला. तेव्हापासून ती मागच्या जिन्याने ये-जा करते आणि अंगणात कधी पाऊल टाकत नाही. एका खोटेपणापायी अकरा वर्षं कोणाशी दोन शब्द नाहीत. मला तिने इतकं वाढलं, इतकं बोलली, की मला उठवेना.

आता पेच असा आहे. सतरा मेला सकाळी झेंडा अध्यक्षाने चढवायचा असतो. मी गेले तर आउडचं बिंग फुटणार. मी राहिले तर मी आउड. दोघींनी बराच विचार केला आणि अजून करतो आहोत. विचार करता करता हेरिंग मासे आणि उकडलेले बटाटे खातो.

तू म्हणशील, पैज हरलीस. पण हालवार, मी कोणाच्या मदतीशिवाय परक्या शहरात आठवडाभर राहते आहे, आणि मला एक सोसायटीही चालवावी लागते आहे. गटाराचं काम तर मी दोनच दिवसांत मार्गी लावलं. धडधाकटपणाचा याहून मोठा पुरावा मला सुचत नाही.

तुझी,
टोरून (किंवा आउड)


एल्व्हेरूम,
१३ मे १९८७

प्रिय टोरून,

पंथ असता तर बरं झालं असतं असं मला आता वाटू लागलं आहे.

पैज तू हरलीस. बाजार बघितला नाहीस. बुरूज लांबून. रेल्वे लांबून. त्याच दिवशी परत आली नाहीस. लोकांचं सूप आणि वॉफल खाल्लेस, ती मदत नाही तर काय? शिवाय तू दुसऱ्याच्या नावावर निवडून आली आहेस, हा माझ्या मते गुन्हा आहे. कोणाचं तरी पाकीट दुसऱ्याच्या दारात टाकलं तर मला रात्र रात्र झोप यायची नाही. इथे तर अख्खी बाई चुकीच्या दारात पडली आहे.

मी तुला न्यायला येतो आहे. सोळा तारखेच्या गाडीने दुपारनंतर पोचेन. सामान बांधून ठेव. त्या मंडळींशी काय बोलायचं ते मी बोलेन. नियम मला तोंडपाठ आहेत.

खोलीतला कागद आता पूर्ण वाळला आहे. स्वयंपाकघरात मी दुसरी खुर्ची आणून ठेवली आहे, गेला आठवडाभर दोन कप मांडतो आहे. चुकून. सवय व्हावी म्हणून.

हालवार


घरून, हालिंगदाल,
१६ मे १९८७

प्रिय हालवार,

हे पत्र मी तुला आउडच्या पत्त्यावर पाठवते आहे, कारण तू तिथे असणार आणि मी इथे आहे.

काल तुझं पत्र आलं आणि माझा जीव घाबरला. सोसायटीपुढे खरं सांगायची भीती नव्हती वाटत. भीती ‘न्यायला येतो’ या शब्दांची वाटली. पडले होते तेव्हा मला चौघांनी उचलून नेलं होतं. दवाखान्यात नेलं, घरी नेलं, ईस्टरला तुझ्याकडे नेलं, मागे उशा लावून. बर्गनला मी माझ्या पायांनी गेले होते. परत कोणी मला न्यायला आलं असतं, तर मी त्या तळघरात मुकाट्याने जाऊन बसले असते, हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणून पहाटे उठले, चाव्या आउडच्या टेबलावर ठेवल्या, मागच्या जिन्याने उतरले आणि पहिली गाडी धरली. एकटीने. त्या सगळ्यांना तोंडघशी पाडून आले याची लाज वाटते. उद्या झेंडा कोण चढवणार?

फिन्से स्टेशनात आमची गाडी थांबली, त्या उंचीवर अजून सगळं पांढरं होतं. समोरून येणारी गाडी शेजारच्या रुळावर उभी राहिली आणि बरोबर माझ्या समोरच्या खिडकीत तू. अंड्याचा सँडविच खात होतास. मी काच वाजवली, हात हलवले, नाव घेतलं. तू माझ्याकडे बघितलंस, सँडविच खाली ठेवलास, अनोळखी बाईला उचलतात तशी टोपी उचललीस, आणि पुन्हा खायला लागलास. मग गाड्या सुटल्या.

माझ्या अंगावर आउडचा कोट होता, म्हणून तुला माफ केलं.

हे पत्र तुला मंगळवारी मिळेल. तोवर जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल, तरी लिहून ठेवते. अंगणाच्या फाटकातून जाऊ नकोस, रस्त्यावरच्या दारातून जा. त्यांना सांग की मी आउड नाही आणि मला फार वाईट वाटतं. आणि कोणी काहीही दिलं तरी हातात घेऊ नकोस.

तुझी,
टोरून


नोर्डनेस, बर्गन,
२० मे १९८७

प्रिय टोरून,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं, म्हणजे टपाल खात्याचा दोष नाही. सूचना योग्य होती. शनिवारी हवी होती.

फिन्सेचं लिहिलंस ते वाचून मी बराच वेळ खाली बसलो होतो. मला ती बाई आठवते. मनात आलं होतं, किती ठणठणीत बाई आहे, एकटी कुठे कुठे हिंडते. ती तू होतीस.

मी फाटकातूनच गेलो. स्टेशनातून मी थेट नियम सांगण्याच्या तयारीने निघालो होतो, त्यामुळे दारं वगैरे बघितली नाहीत. तुझी विग्दिस आली. मी म्हटलं, मी हालवार, माझ्या बहिणीबाबत झालेल्या एका गंभीर गैरप्रकाराबद्दल बोलायला आलो आहे. ती म्हणाली, “टोरूनचा भाऊ. ती पहाटेच गेली. हे धर,” आणि माझ्या हातात झेंड्याची दोरी दिली.

‘टोरून’ म्हणाली ती. ‘आउड’ नव्हे.

मी विचारलं, तुम्हाला नाव कसं माहीत? ती म्हणाली, “अरे, पहिला शब्द बोलली तेव्हाच कळलं की ही हालिंगदालची. आमच्याकडे असं कोणी बोलत नाही. नाव तर तिच्या कोटाच्या कॉलरला शिवलेलं होतं.” (ते मीच शिवायला लावलं होतं, शाळेत असताना. तू अजून शिवतेस हे मला माहीत नव्हतं.)

मग काही का बोलला नाहीत, म्हटलं. तेव्हा तिने मला जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो. “श्रमदानाला आलेल्या माणसाला परत पाठवायचं? आणि नाही म्हणते तरी दोन आठवडे काम करते, असा अध्यक्ष आम्हाला पुन्हा कधी सापडणार होता?”

मी आउडचा विषय काढला. खालच्या आवाजात काढला, कारण तिचं गुपित आहे असं मी धरून चाललो होतो. विग्दिस शांतपणे दोरी गुंडाळत म्हणाली, “ती वर आहे. अकरा वर्षं सगळ्यांना माहीत आहे. मागच्या जिन्यातला दिवा आम्ही कोणासाठी चालू ठेवतो असं तुला वाटतं? तिला उजेड हवा म्हणून. विचारलं असतं तर बिचारी लाजली असती. टोरूनला तिच्या नावाने हाक मारली तीही म्हणूनच, तिच्या वाटचं श्रमदान झालं हे तिला वर ऐकू जावं.”

टोरून, अशा लोकांपुढे नियम कुठून काढायचे? पण मी माघार घेतली नाही. संध्याकाळी मंडळी अंगणात जमली, तेव्हा मी उठून उभा राहिलो आणि त्यांची निवडणूक कशी बेकायदेशीर होती ते मुद्देसूद सांगितलं. सभेची सूचना वेळेवर नाही, उमेदवार सभासद नाही, मतमोजणी कोणी केली नाही. चांगला तासभर बोललो. बोलून झाल्यावर खाली बसलो. मग विग्दिस म्हणाली, “अखेर नियम माहीत असलेला माणूस मिळाला.” आणि सगळ्यांनी हात वर केले.

मी सांगितलं की मी इथे राहत नाही.

पुढे काय झालं ते तुला सांगायला नको. राहत नाही ही अडचण त्यांनी लगेच दूर केली. तळघरात पूर्वीच्या राखणदाराची खोली आहे, तिचं दार उघडून दिलं.

सतरा तारखेला सकाळी मी झेंड्याच्या काठीपाशी उभा होतो. सगळं नोर्डनेस नटूनथटून जमलेलं. माझ्या हातात दोरी, आणि दोरीला गाठ बसली. एक सोडवावी तर दुसरी बसे. मुलं आधी ओरडत होती, मग गप्प झाली, ते जास्त वाईट. तेवढ्यात पुढचा जिना वाजला आणि एक ताठ बाई उतरून आली. कोणाकडे न बघता सरळ काठीपाशी आली, म्हणाली, “माझे वडील शिडाच्या जहाजावर होते. हे मला वरून बघवत नाही,” आणि दोन बोटांनी गाठ सोडवली. झेंडा वर गेला.

झेंडा वर जाईपर्यंत कोणी हललं नाही. मग विग्दिसने तिला विचारलं, “पाठ कशी आहे?” आउड म्हणाली, “बरी आहे.” विग्दिस म्हणाली, “बरं झालं. कॉफी घे.” एवढंच. मग मिरवणुकीचा बँड वाजला आणि सगळे बाहेर पडले. मला मात्र काठीपाशी थांबावं लागलं, कारण डोळ्यांत काहीतरी गेलं होतं. आउडने मला तिचा रुमाल दिला. अजून माझ्याकडेच आहे.

आता मुख्य गोष्ट. मी तळघरात राहतो आहे. खोली स्वच्छ आहे, पलंग चांगला आहे, कोणी रेडिओही आणून ठेवला आहे. पण खिडकी छताला टेकलेली, आणि तिच्यातून फक्त बूट दिसतात. सकाळी बूट जातात, संध्याकाळी येतात. मी अंथरुणात पडून बूट ओळखायला शिकलो. पिवळे विग्दिसचे. काळे, टाच घासलेले, ते आउडचे, ते माझ्या खिडकीपाशी जरा थांबतात असं मला वाटतं. काल एक कुत्रं वाकून आत बघून गेलं. दिवसभरात माझ्याकडे तेवढ्यानेच बघितलं, आणि मला त्याचा आनंद झाला.

माझ्या घरच्या खोलीची खिडकीही अशीच आहे. मी कागद लावला, पलंग टाकला, रेडिओ लावून बघितला. पलंगावर बसून खिडकीतून कधी बघितलंच नाही. तिथून शेजाऱ्यांचे बूटसुद्धा दिसणार नाहीत, तिथे बटाट्याचा वाफा आहे.

घरी गेलो की तो कागद काढून टाकतो. मला वाटत होतं, मी तुझ्या काळजीने हे करतोय. काळजी होतीच. पण जेवताना समोरची खुर्ची रिकामी असते, तेही कारण होतं. हे लिहायला मला बर्गनपर्यंत यावं लागलं.

पैजेबद्दल अध्यक्ष या नात्याने माझा निर्णय असा, की तू गेलीस एकटी, आलीस एकटी, मात्र बर्गन अजून बघितलेलं नाही. त्यामुळे पैज अजून चालू आहे.

तुझा,
हालवार

ता. क. तुझं दाताळं कोपऱ्यात उभं आहे. दोघांनी मागितलं. मी दिलं नाही.


घरून, हालिंगदाल,
२४ मे १९८७

प्रिय हालवार,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि मग दारातल्या पायरीवर जाऊन बसले. बर्फ कधीच वितळला. शेजाऱ्याचं कुत्रं आलं, त्याला पत्रातला कुत्र्याचा भाग वाचून दाखवला.

उन्हाळ्यात तू माझ्याकडे ये. वरची खोली मोकळी आहे आणि तिच्या खिडकीतून माणसं डोक्यापासून पायापर्यंत दिसतात. महिनाभर राहा. जेवायला मी समोर बसेन आणि तू नियम सांग, मी ऐकेन. नंतर दोघं आपापल्या घरी.

आउडचा रुमाल परत देऊ नकोस, असं मी तुला सांगणार नाही. तुझा तू मोठा आहेस. पण घाई करू नकोस एवढंच म्हणते.

मी येत्या शनिवारी बर्गनला येते आहे. एका दिवसासाठी, एकटी. मासळी बाजार बघणार, बुरुजावर चढणार, रेल्वेने डोंगरावर जाऊन वरून तुमचं अंगण शोधणार. मध्येच तासभर फाटकातून आत येऊन जाईन, कठड्याला रंगाचा दुसरा हात द्यायचा राहिला आहे आणि तो माझ्याशिवाय कोणी नीट देणार नाही.

स्टेशनवर मला घ्यायला येऊ नकोस. संध्याकाळी सोडायला आलास तर चालेल.

तुझी,
टोरून